बेखमीर : पनवेल-उरणच्या किनाऱ्यावरील एका नकाराचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात द्रोणागिरीतील आमच्या घरी दालचिनीचे रोल करण्याचा घाट घातला गेला. खाडीकाठच्या दमट हवेत डब्यातील यीस्ट केव्हाच निकामी झाले होते. कोमट दुधात घालून अर्धा तास वाट पाहिली तरी एक बुडबुडा येईना. तेव्हा यीस्टचा नाद सोडून बेकिंग पावडरवर काम भागविले. रोल चांगले झाले. त्या दिवशी प्रबंधाची प्रकरणे घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीने मात्र रोलचा तुकडा हातात धरून विचारले, ‘यात खमीर नाही, मग हा पावाच्या जातीचा म्हणायचा की आपल्या शंकरपाळ्याच्या?’

प्रश्न गंमतीचा होता, पण त्यातील ‘जात’ हा शब्द आमच्या मनातून जाईना. खमीर असणे आणि नसणे यांवरून या किनाऱ्यावर माणसांच्या जाती ठरल्या, मोडल्या आणि एका समाजाने तर खमिराच्या नकारावर आपली ओळख शतकानुशतके तोलून धरली. मराठी प्रबोधनाचा इतिहास आपण वर्गात ग्रंथांच्या, व्याख्यानांच्या आणि वृत्तपत्रांच्या आधारे शिकवितो. तोच इतिहास पिठाच्या गोळ्याच्या बाजूने पाहिला तर काय दिसते, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कृती सांगून टाकतो, कारण पुढील विवेचनाला तिचा आधार लागणार आहे. मैदा दोन कप, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम. बेकिंग पावडर तीन लहान चमचे. साखर दोन मोठे चमचे. मीठ अर्धा चमचा. हे सारे चाळून त्यात ६० ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी रव्यासारखे होईपर्यंत चोळावे आणि साधारण १५० ते १७५ मिलिलिटर दूध घालून गोळा जमवावा. मळू नये, नुसता जमवावा. फार मळल्यास मैद्याला चिवटपणा येतो. अर्धा सेंटिमीटर जाडीची चौकोनी पोळी लाटून तिला मऊ लोणी फासावे, वर गुळाची पूड आणि एक मोठा चमचा दालचिनीची ताजी पूड पसरावी. सुरळी करून अळूवडीसारख्या नऊ वड्या कापाव्यात आणि २०० अंश सेल्सिअसवर वीस-बावीस मिनिटे भाजाव्यात. भट्टी नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, दहा मिनिटे तापवून त्यात डबा ठेवावा. अर्ध्या-पाऊण तासात काम होते.

यीस्ट हा सजीव पदार्थ. पिठातील साखर खाऊन तो कर्बवायू सोडतो आणि त्या वायूने पीठ फुगते. त्याला वेळ लागतो, ऊब लागते आणि मुख्य म्हणजे विश्वास लागतो. बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र असतात. ओल लागताच त्यांची क्रिया होऊन तोच वायू सुटतो, आणि दुहेरी क्रियेच्या पावडरीत उष्णता लागल्यावर पुन्हा एकदा सुटतो. म्हणजे फुगणे तेच. पण त्यामागे जीव नाही, रात्रभराची वाट पाहणे नाही आणि कालच्या पिठातून आज राखून ठेवलेले विरजणही नाही. हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही, हे पुढे दिसेल.

आता इतिहासाकडे वळू. द्रोणागिरी हे नाव आज सिडकोच्या एका नोडचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा लोकलच्या एका स्थानकालाही हेच नाव मिळाले होते. मूळचा द्रोणागिरी म्हणजे उरणजवळचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. हनुमंताने नेलेल्या पर्वताचा तुकडा येथे पडला, ही कथा गावोगावच्या डोंगरांप्रमाणे याही डोंगराला चिकटलेली आहे. हा सारा टापू पूर्वी करंजा बेट म्हणून ओळखला जाई. सोळाव्या शतकात तो पोर्तुगीजांच्या वसई प्रांतात गेला, अठराव्या शतकात मराठ्यांनी तो घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर तोही इंग्रजांकडे राहिला. भात, मीठ, मासळी आणि ताडी ही येथील जुनी संपत्ती.

पोर्तुगीजांनी आपला ‘पांव’ या किनाऱ्यावर आणला आणि मराठीने तो शब्द जसाच्या तसा घेतला. गहू दूरचा आणि युरोपातील विरजण तर त्याहून दूरचे. म्हणून पीठ फुगविण्यासाठी ताडा-माडाचा रस वापरला जाऊ लागला. गोव्यात माडाच्या सुरेवर पाव फुगविण्याची रीत दीर्घकाळ चालली. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांतील फुगे हा गोल तळलेला पदार्थही मूळचा ताडीवरच फुगणारा. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर पहिल्यापासून खमीर आणि मद्य हे शेजारी होते. सवर्ण हिंदू घरात पाव वर्ज्य ठरण्याची दोन कारणे येथेच जुळून आली : तो परधर्मीयाच्या हातचा होता, आणि त्याच्या पोटात ताडी होती.

वसईपासून गोव्यापर्यंत एक कथा ऐकू येते. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायले आणि सारा गाव बाटला. धर्मांतरांचा खरा इतिहास याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे. त्यात जमीन आहे, कर आहेत, अनाथ मुले आहेत, सक्ती आहे आणि श्रद्धाही आहे. तरीही ही कथा टाकाऊ नव्हे. घटना म्हणून ती तपासण्यापेक्षा भीतीचे चित्र म्हणून ती वाचली पाहिजे. गाव बाटविण्याला तलवार लागत नाही, एक तुकडा पुरतो, असे ती सांगते. आणि त्याचबरोबर आपल्याच बाटलेल्या शेजाऱ्याला परत घेण्याचा मार्ग गावाकडे नव्हता, हेही ती न सांगता सांगून जाते. विहिरीतील पाव कुजून संपला असेल. गावाचा नकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

हाच तुकडा पुढे एकोणिसाव्या शतकात सुधारणेचे साधन झाला, हा मराठी इतिहासातील एक विलक्षण उलटफेर होय. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. तिच्यामागे दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. आमच्या विद्यार्थ्यांना ते १८३६ च्या मराठी व्याकरणाचे कर्ते म्हणून ठाऊक असतात. जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करून सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुढे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हेही या मंडळीत होते. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विसकटली. १८६७ मध्ये प्रार्थनासमाज उघडपणे उभा राहिला, तेव्हा त्यात त्या जुन्या मंडळींपैकी काही होते, पण पाव खाण्याची अट नव्हती.

व्याकरणकाराने दीक्षाविधीसाठी पाव निवडावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जातिभेद चुकीचा आहे असे बोलणे सोपे आहे; ते वाक्य जिभेवरून उतरते आणि विसरले जाते. गिळलेला घास मात्र परत घेता येत नाही. विहिरीच्या कथेत पाव नकळत पोटात जातो आणि माणूस बुडतो; परमहंस सभेत तोच पाव जाणूनबुजून खाल्ला जातो आणि माणूस नवा होतो, निदान तशी त्याची इच्छा असते. मात्र ही नवता बंद दाराआडची होती. नावे फुटण्याच्या भीतीने ज्या सुधारणेचा अंत झाला, तिचे पीठ पुरते फुगण्याआधीच खाली बसले असे म्हणावे लागते.

चाळीस वर्षांनी पुण्यात तीच परीक्षा पुन्हा झाली. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या अनुयायांना ते फार लागले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रकरणाची घरातील बाजू दिसते. चहाच्या पेल्यातील या वादळाचे आज हसू येते. ते येऊ द्यावे, पण त्यावेळच्या माणसांसाठी मुलींची लग्ने, श्राद्धाचे ब्राह्मण आणि शेजारधर्म या साऱ्याचा प्रश्न त्या बिस्किटाला बांधलेला होता, हेही ध्यानात ठेवावे.

येथवरचा इतिहास मराठीच्या अभ्यासकाला कमीअधिक परिचित आहे. पनवेलच्या बाजारपेठेत गेल्यावर मात्र याच्या अगदी उलट बाजूचा इतिहास भेटतो, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. पनवेलला बेथ एल हे १८४९ चे सिनेगॉग आहे. परमहंस सभेचे वर्ष तेच, हा केवळ योगायोग. पण मुंबईत काही तरुण पाव खाऊन जात टाकीत होते, त्याच काळात खाडीपलीकडे एक समाज वर्षातले काही दिवस खमीर टाकून आपली जात राखीत होता. हा समाज बेने इस्राएलांचा. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर; आडनावांत कोकणचा नकाशा आणि घरात मराठी बोली.

यहुदी धर्मातील मोठा सण म्हणजे पेसाह. मराठी बायबलमध्ये त्याला ‘वल्हांडण’ असा सुंदर शब्द आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे. मिसरातील गुलामगिरीतून निघताना पीठ आंबण्याइतकाही अवधी नव्हता, म्हणून त्या स्मरणार्थ सणाच्या दिवसांत आंबवलेले काहीही खावयाचे नाही, बिनखमिराची भाकरीच खावयाची, असा नियम. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकरी भाजून झाली पाहिजे, अन्यथा ती आंबलेली समजावी, इतकी या नियमाची काटेकोर मोजणी आहे.

कोकणच्या बेने इस्राएलांचा अन्य यहुद्यांशी संबंध दीर्घकाळ तुटलेला होता. हिब्रू गेली, पोथ्या गेल्या, सणांची मूळ नावेही गेली. उरली ती पुढील नावे : नव्याचा सण, खिरीचा सण, दरफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. आणि पेसाहचे नाव होते ‘अनशी ढाकायचा सण’. अनस म्हणजे आंबट रसाचे मडके, आणि ढाकणे म्हणजे झाकणे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत.

भाषेच्या अभ्यासकाने या नावापाशी थोडे थांबावे. कोकणात गव्हाचा पाव नव्हता. होती तांदळाची भाकरी, आणि ती मुळातच बेखमीर. मग खमीर टाकावयाचे म्हणजे काय टाकावयाचे? या समाजाने घरात आंबण्याची क्रिया जेथे चालते ती जागा शोधली : आंबट रसाचे मडके. ते झाकले की नियम पाळला गेला. पोथी हरवली, इतिहास हरवला, मिसर आणि फारो यांचीही नावे पुसट झाली असतील. पण ‘या दिवसांत आंबलेले नको’ हा नकार एका मडक्याच्या झाकणावर टिकून राहिला. शिवाय ही सारी नावे बहुतेक स्वयंपाकघरातील आहेत : खीर, बिरडे, शिळे, अनस. त्यांवरून एक अनुमान आम्हांस करावेसे वाटते. ज्या समाजाचे पुरुष धर्मग्रंथ विसरले, त्या समाजाचे पंचांग बायकांनी चुलीपाशी सांभाळले. याला लेखी पुरावा असणे कठीण, कारण चूल नोंदी ठेवीत नाही. पण नावांचा पुरावाही पुरावाच असतो.

पुढे कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूचे शिक्षण सुरू झाले आणि ‘पेसाह’ हे नाव परतले. पेसाहच्या रात्री वाचावयाच्या हगादाची मराठी भाषांतरे झाली. एक मुंबईत १८४६ मध्ये निघाले, दुसरे पुण्यात १८७४ मध्ये. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. मिसरातून निघालेले इस्राएल लोक आणि पुण्याच्या वाड्यातील स्वयंपाकघर एका पानावर आणणारे हे पुस्तक चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली त्याच साली निघाले. ‘निबंधमाला’ आमच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असते. पुण्याचा हगादा आम्ही एकाही वर्गात दाखविलेला नाही, ही कबुली येथे दिली पाहिजे. मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण कोणाचे मराठी मोजतो, हा प्रश्न या एका पुस्तकाने उभा राहतो. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथूनही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. ते गेले, तेव्हा आपल्याकडून मराठीचा एक आवाज गेला, हे आपल्या वाङ्मयेतिहासाच्या फारसे लक्षात आले नाही.

आता पुन्हा त्या रोलकडे येऊ. खमीर नाकारण्याची तिसरी तऱ्हा ती. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून बेकिंग पावडर तयार केली. १८५६ मध्ये अमेरिकेत एबेन हॉर्सफर्डने आपल्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यानंतर खमीर ही दुकानातून डब्यात मिळणारी गोष्ट झाली. आमच्याकडेही बिनखमिराचे भाजणे नवे नव्हतेच. पाठारे प्रभूंचे भानोले आणि कोकणातील तवशाचे धोंडस हे खालीवर निखारे ठेवून भाजण्याचे जुने प्रकार. भट्टी नसताना भट्टीचे काम करून घेणारे. कुकरमध्ये मीठ तापवून रोल भाजणारी आजची गृहिणी, जाणो वा न जाणो, त्याच परंपरेतील आहे.

दालचिनीची कथाही याच किनाऱ्याची. शब्द फारसीतून आला, ‘चीनचे लाकूड’ या अर्थाचा. तिच्या व्यापारासाठी पोर्तुगीजांनी श्रीलंकेत पाय रोवले, पुढे डचांनी त्यांना तेथून हुसकले. आज बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड साल ही पुष्कळदा चीन किंवा व्हिएतनामची कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ, कागदाच्या थरांसारखी गुंडाळलेली आणि वासाला सौम्य असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची दालचिनीची जातही काढली आहे. पण न्हावा-शेवा बंदराच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांला कोकणची दालचिनी शोधावी लागते आणि परदेशची कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. बंदराशेजारी राहण्याचा हाही एक अर्थ आहे.

तेव्हा नकाराच्या तीन तऱ्हा झाल्या. सवर्ण समाजाने खमीर नाकारले ते दुसऱ्याच्या हाताच्या भीतीने. बेने इस्राएलांनी नाकारले ते स्मरणासाठी. आम्ही नाकारतो ते वेळ नाही म्हणून. गंमत अशी की मूळ कथेतही कारण तेच होते. मिसरातून निघणाऱ्यांनाही वेळ नव्हता. पण त्यांनी आपली घाई दरवर्षी आठवून पाहिली, तिचा सण केला, मुलांनी प्रश्न विचारावेत आणि वडीलधाऱ्यांनी उत्तरे द्यावीत अशी योजना केली. आमची घाई मात्र खाऊन संपते. धर्मशास्त्राच्या काटेकोर मोजणीत तर आमचे रोल बेखमीर ठरणारच नाहीत. गोळा जमवून, लाटून, कापून भट्टीत जाईपर्यंत अठरा मिनिटे केव्हाच होऊन जातात.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. आता विचारले असते तर सांगितले असते की पदार्थाची जात खमिराने ठरत नाही. तो कोणाला नाकारून किंवा कोणाला आठवून केला, यावरून ठरते. त्या दृष्टीने आमचा रोल अजून बिनजातीचाच आहे. त्याला काही आठवण चिकटावी म्हणून पुढच्या वर्षी एम.ए.च्या पहिल्या तासाला ‘निबंधमाले’च्या शेजारी १८७४ च्या त्या हगादातील भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. रोलही नेऊ. मुले आधी रोल खातील आणि मग चित्र पाहतील, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तोही क्रम वाईट नव्हे.